दर वर्षीचं भाषण

धाकट्यानं माइक हातात घेतला आणि पहिलं वाक्य सवयीनं टाकलं. "एकाच आईची दोन लेकरं. एकच घर, एकच ताट. एक झटला, दुसरा निजून राहिला."

सभागृहात हसू पसरलं. फरशीच्या कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमातलं हे भाषण सगळ्यांना तोंडपाठ होतं. झटलेला तो हा, कारखान्याचा व्यवस्थापक. निजून राहिलेला तो मागच्या रांगेतला दादा, याच कारखान्यात ट्रकमध्ये फरशीची खोकी चढवणारा. नाव कधी घेतलं जायचं नाही, घ्यायची गरजच नव्हती. दर वर्षी या वाक्याला माना मागे वळत आणि दादा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवी. धाकट्याला वाटे, काय मोठ्या मनाचा माणूस आहे हा!

मालकांचा तर या भाषणावर भारी जीव. आत्ताच ते कानाशी लागून म्हणाले होते, "तुमचं एकदा ऐकलं की वर्षभर कोणी पगारवाढ मागायला येत नाही. ज्याला त्याला वाटतं, आपणच कमी पडलो." एरवी धाकटा यावर खळखळून हसला असता. आज त्याला हसू आलं नाही, कारण सकाळी वहिनी घरी येऊन गेली होती.

वहिनी उगीच कुणाचे उंबरे झिजवणारी नव्हे. आली, पाणीही न पिता म्हणाली की यंदा हे कार्यक्रमाला यायला नको म्हणतात. नवा जावई इथेच हिशेबखात्यात लागलाय, तोही असणार. त्याच्यासमोर नको वाटतं.

"दादाला राग आलाय का?" धाकट्यानं विचारलं होतं.

"राग आला असता तर बरं झालं असतं, भावजी. त्यांना लाज वाटते."

मग धाकटा स्वतः जाऊन दादाला घेऊन आला. भाषण बदलीन असं मात्र त्यानं कबूल केलं नव्हतं. कसं करणार? त्या भाषणावरच तर त्याची खुर्ची उभी होती. आणि आता जावई मान वळवून सासऱ्याकडे बघत होता. सासरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. टाळ्याही वाजवत नव्हता.

धाकटा थांबला. पुढचं ठरलेलं वाक्य त्यानं सोडून दिलं.

"हे खरं नाही," तो म्हणाला.

मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. लहानपणी वडील दोघांनाही चुन्याच्या भट्टीवर घेऊन गेले होते, कामाला लावायला. मुकादमानं दोघांपुढे एकेक पोतं ठेवलं. दादानं ते खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. धाकटा पोत्यासकट तोंडावर आपटला. मुकादम म्हणाला, थोरला ठेवून जा, हा परत न्या, हा कामाचा नाही. घरी बसून करणार काय, म्हणून वडिलांनी त्याला शाळेत घातलं. वह्यापुस्तकं आली ती दादाच्या मजुरीतून.

"मी नापास झालो म्हणून शाळेत गेलो," धाकटा म्हणाला. "दादा पास झाला, तो अजून ओझीच उचलतोय. मग जो जास्त राबला, त्याच्याच पदरात कमी का? हे मी कधी विचारलं नाही. न विचारण्याचाच मला पगार मिळत होता."

आता कोणी हसलं नाही. मालक घड्याळ बघू लागले. त्याचा अर्थ कळायला धाकट्याला ज्योतिषी नको होता. पुढच्या वर्षी माइक दुसऱ्या कुणाच्या हातात असणार, कदाचित खुर्चीही. भीती वाटायला हवी होती. पण त्याला ताप उतरून घाम सुटावा तसं मोकळं वाटत होतं. मागच्या रांगांतून कोणीतरी विचारलं, मग पगारवाढीचं बोलायला कधी यायचं? धाकटा म्हणाला, उद्याच या.

बाहेर दाराशी दादा उभा होता, शेजारी जावई. धाकट्यानं माफी मागायला तोंड उघडलं, पण दादानं हातानंच थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफ केल्याचा मोठेपणाही नव्हता.

"पोत्याचं मलाही आठवत होतं रे," तो म्हणाला. "पण तू पडलास शिकलेला. दर वर्षी एवढ्या लोकांपुढे सांगायचास, तर म्हटलं, असेल, आपलंच काहीतरी कमी पडलं असेल."

उभा जन्म पहाटे उठून कामाला जाणारा तो माणूस जरा घुटमळला. मग हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला आणि एकदा खात्री करून घ्यावी तसं त्यानं विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हतो ना?"