‘भ’चा बांध

“बाई, पोरीचं नाव काढून द्या,” गेनबा म्हणाला.

हिर्डोशीच्या शाळेच्या अंगणात नूतनबाई पांढऱ्या फक्कीने जमिनीवर खाटेएवढी अक्षरं काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “का हो आबा?”

“नात चौथीत गेली आन् भोरच्या एसटीची पाटी ‘मोर’ वाचती. पोरं तिच्यापुढं पिसारा काढून नाचत्यात. शाळाच नको म्हणती. शेरडं तरी राखंल.”

नात आजोबांच्या धोतराआड उभी होती.

“सोनिया, चाल बघू या अक्षरांवरून.”

“अक्षरावर पाय?” गेनबा दचकला. “सरस्वती हाय ती. आन् चालायचं काय शिकवताय, दोन कोस चालूनच आलीया.” एसटीच्या कृपेने या भागात ते शिक्षण कुणालाच कमी पडलेलं नव्हतं.

सोनिया चालली. ‘म’च्या डोक्यावरच्या रेघेवरून सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘भ’वर मात्र अडली.

“बाई, हितं रेघच न्हाई.”

“मग?”

भातखाचरात वाढलेली पोर ती. खाली वाकून बघत म्हणाली, “बांध फुटलाय.”

“फुटला तर तू काय करतेस?”

सोनियाने उडी मारली.

बाईंनी तिला दहादा ‘म’वरून चालवलं आणि दहादा ‘भ’वरून उडवलं. फुटलेला बांध इतका वेळ नुसता बघत राहण्याची गेनबाला सवय नव्हती. हात शिवशिवत होते.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. एसटी आली होती, आणि तीही आजचीच. सगळी पोरं कुंपणाला लटकली. एकाने दोन्ही हात मागे नेऊन पिसारा तयार ठेवला.

सोनिया पाटीकडे बघत राहिली. ओठ हलले नाहीत. पाय हलले. जागच्या जागी तिने एक छोटी उडी मारली.

“भोर,” ती म्हणाली.

पिसारा हळूहळू मिटला. त्याचं काय करायचं ते त्या पोराला सुचेना, म्हणून त्याने पाठ खाजवली.

गेनबाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “बाई, नाव ऱ्हाऊ द्या,” म्हणाला. बाईंनी मान डोलावली आणि पोरांना घेऊन वर्गात गेल्या.

अंगण रिकामं झालं. गेनबाने वहाणा काढून बाजूला ठेवल्या. वाकून ‘भ’च्या फक्कीला बोट लावलं, ते कपाळाला टेकवलं. इकडंतिकडं बघितलं.

मग धोतराचा सोगा वर धरून त्याने उडी मारली.