वरची पट्टी

"इनास, सूर दे रे, नेहमीसारखा!" म्हणत रुजारनं मला गर्दीतून क्रुसाच्या ओट्यावर ओढलं.

याच ओट्यावर आम्ही चौघं रोज संध्याकाळी गायचो. वाद्यं नव्हतीच. रुजार गायचा, बाकीचे तोंडानंच ठेका धरायचे आणि सुरुवातीचा सूर गुणगुणून मी द्यायचो; धृपद मात्र सगळे मिळून म्हणायचो. मग टीव्हीवाल्यांनी त्या तिघांना उचललं आणि माझ्या जागी मुंबईचा कुणी गोरागोमटा घेतला. आज गावच्या सणाला ते पाहुणे म्हणून आले होते. माझी सख्खी आई त्यांच्याबरोबर फोटो काढायला ताटकळत उभी होती!

म्हटलं, थांब लेका. मुद्दाम दोन पट्ट्या वरचा सूर दिला. फाटू दे आवाज सगळ्या गावासमोर.

रुजारनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोच सूर उचलला. काय चढला पठ्ठ्या! त्याचा गळा तिथवर जातो हे मला माहीतच नव्हतं. शिट्ट्यांनी चौक दणाणला. धृपदाला आम्ही सगळे मिळालो, तेव्हा एकच आवाज फाटला. माझा.

कुणी हसायच्या आत रुजारनं पुढचं कडवं खाली घेतलं, आमच्या जुन्या पट्टीत, आणि गातागाता माझ्या खांद्यावर हात टाकला. इतकी वर्षं तो कुणासाठी खाली गात होता, ते तेव्हा कळलं.

सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, म्हणून तो हात झटकता आला नाही.