जुनीच सायकल

सातवी सायकल बायकोच्या लक्षात न येता बाकीच्या सहांशेजारी भिंतीवरच्या हुकावर चढली, तर नवऱ्याची महिनाभराची बोलणी वाचणार होती. त्यासाठीच तर हा हौशी गडी प्रत्येक सायकल काळीच घ्यायचा.

"नवीन आणलीस?"

"छे गं! जुनीच. धुऊन-पुसून आणली."

"अस्सं!"

रविवारी सकाळी नेहमीच्या फेरीला निघताना बघतो तर नव्या सायकलची सीट वीतभर खाली.

"अगं, हिला कोणी हात लावला?"

"मी. जुनीच आहे म्हणालास, म्हटलं मला चालेल."

आता नवी म्हणायची सोयच नव्हती. ती नवीवर पुढे निघाली, हा खरोखरच्या जुनीवर मागे. नवी सायकल त्याची गेली, चढावर धापाही त्यानेच टाकल्या. तरी गडी खुशीत होता. "इतका उशीर का?" असं दर रविवारी विचारायला आता घरी कोणी उरलंच नव्हतं.