गारांचे कारण

भूतानच्या वादग्रस्त सीमेवरील त्या शिखरावर आजवर कोणी चढलेले नाही. चढल्यास देवता कोपून गारा पाडते, अशी आमच्या गावाची श्रद्धा. यंदा गारांनी कापणीला आलेले कुट्टूचे पीक, म्हणजे सगळ्या गावाचे हिवाळ्याचे अन्न, भुईसपाट केले.

"मेमे, यंदा तर पायथ्याशीसुद्धा कोणी फिरकलं नाही. मग या गारा कशाच्या?" विज्ञानशिक्षक या नात्याने मी सगळे गाव ज्यांना मेमे, म्हणजे आजोबा, म्हणते त्या वृद्ध गावप्रमुखांना विचारले.

"आपल्या बाजूने नाही चढलं, मास्तर. पलीकडच्यांचा काय भरवसा?"

हे अनुमान पडताळणे अशक्य होते.

आठवड्याने हरवलेला याक शोधत पलीकडचा एक गुराखी खिंड ओलांडून आला आणि मेमेंना पाहताच कडाडला,



"आमचा सगळा जव गारांनी झोडपला! तुमच्यातलं कोण चढलं होतं वर?"