ठणठणीत इमारत

"बाई, एवढं बघून सांगा, आत जायचं की नाही?" मालकाने हात जोडले.

भूकंपाला दोन तास झाले होते. तीन मजल्यांवरची सगळी बिऱ्हाडं फुटपाथवर बसली होती आणि मालकाची म्हातारी आई "आता घरात चला" म्हणून मागे लागली होती. इंजिनीअरबाईंना एका नजरेत कळलं. कोपऱ्यातल्या खांबाला तिरकी भेग पडली होती, बोट जाईल एवढी.

दरवाजावर जुन्या कागदाचा डिंक अजून दिसत होता. 'आत जाणे धोक्याचे' असा लाल कागद मागच्या भूकंपात बाईंनीच तिथे चिकटवला होता. फुकट, आपणहून. भाडेकरू निघून गेले म्हणून मालकाने बाईंना कोर्टात खेचलं. सरकारी कचेरीने हात झटकले: पगारी असता तर पाठीशी उभे राहिलो असतो, हौसेने गेलात, आता तुमचं तुम्ही निस्तरा. तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर लायसन्स वाचलं, तेही कसंबसं.

"मालक, इमारत ठणठणीत आहे असं तुम्हीच शपथेवर लिहून दिलंय. 'भिंतीला तडे जायचेच.' तोंडपाठ आहे मला."

"झालं गेलं विसरा हो. आता कोण करतंय दावा?"

"विसरायला तीन वर्षं दिलीत की तुम्ही. नाही जमलं."

हे वाक्य त्यांनी किती दिवस जपून ठेवलं होतं! बोलल्यावर जिवाला गार वाटलं.

मग त्यांनी म्हातारीचा हात धरला. "आजी, चला, समोरच्या मैदानात सावली आहे." बिऱ्हाडांतल्या बायकांना म्हणाल्या, "पोरं घ्या आणि माझ्यामागून या." इमारतीबद्दल चकार शब्द नाही, कागद नाही, सही नाही. पण का म्हणून कोणी विचारलंही नाही. बघता बघता फुटपाथ रिकामा झाला.

मालक एकटा उरला. "अहो, पण इमारतीचं काय?"

"ठणठणीत आहे!" बाई रस्त्यापलीकडून ओरडल्या. "तुम्ही जा की खुशाल आत."

सगळं मैदान त्याच्याकडे बघू लागलं. मालकाने तोऱ्यात उंबऱ्यावर एक पाय ठेवला. दुसरा काही उचलेना.