बेटावर काय पाहाल, काय कराल

"आता हे कोणालाच खरं वाटणार नाही," फोटोग्राफरने खुर्ची बायकोच्या खाटेजवळ ओढली, "पण त्या बेटावर एका कासवाने मला रस्ता विचारला होता."

"कुठला रस्ता?" वॉर्डातल्या पलीकडच्या खाटेवरून हेडबाईंनी विचारलं. शाळा सुटून वीस वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे.

"समुद्राचा. वय झालेलं बिचारं, विसरलं असेल. पाठ या टेबलाएवढी."

"काल खाटेएवढी होती."

"काल ते पोहत होतं, बाई. पाण्यात सगळंच मोठं दिसतं."

खिडकीकडे तोंड करून पडलेल्या बायकोने मान वळवली. "हे पाहुणे रोज येतात का हो?" तिने बाईंना विचारलं.

"रोज. चारच्या ठोक्याला. पाचला शिपाई हाकलतो तेव्हा जातात."

"बोलतात छान."

फोटोग्राफरला तेवढं पुरत होतं. वर्षभरापूर्वी एका सकाळी तिच्या तोंडचं 'अहो' गेलं होतं, ते काही परत आलं नव्हतं. तेव्हापासून तो पाहुणा होता.

त्याच्या खिशात घडीवर फाटलेलं एक माहितीपत्रक होतं. 'बेटावर काय पाहाल, काय कराल'. तिच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीखाली सापडलेलं. तिने त्यातल्या पाच गोष्टींवर निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पुढच्या वर्षी नक्की, असं तो दर वर्षी म्हणाला होता, आणि दर वर्षी लग्नसराई आडवी आली होती. लोक लग्न करायचे आणि हा फोटो काढायचा. आता तिच्या डोक्यातलं घडलेलं सगळं पुसलंच गेलंय, तर न घडलेलं तरी तिथे ठेवावं, असं त्याच्या मनाने घेतलं. आपल्याला नेऊन आणलं, एवढं तिला वाटलं की झालं.

चार दिवसांत चार गोष्टी उरकल्या. दोरीला बांधून आभाळात उडणं झालं; त्यात त्याची एक चप्पल ढगात राहिली, ती अजून पडायची आहे. तोंडात नळी धरून मासे बघणं झालं. शिंपले झाले. दोन माडांमधल्या झोळीत दुपारभर काहीही न करता पडून राहणंही झालं. यावर तिने दोन खुणा केल्या होत्या.

राहिली होती बोट.

"तळ अख्खा काचेचा," तो म्हणाला. "खाली जांभळं, पिवळं प्रवाळ. आणि मासे आम्हालाच बघायला जमलेले. लहान मासे पुढे, उंच मासे मागे, अगदी ग्रुप फोटोला उभे राहावेत तसे."

"आणि ही काय करत होती?" बाईंनी विचारलं.

"ही? बोटवाल्याला म्हणाली, काच शेवटची कधी पुसली होती? आणि रुमाल काढून बसली पुसायला."

बायको हसली. "मी?"

"मग कोण? एका हाताने पुसत होतीस. दुसऱ्याने माझा हात धरला होतास, घट्ट. बोट डुलत होती ना."

"म्हणजे मी जाऊन आले."

"जाऊन आलीस."

"बरं झालं बाई," ती उशीवर सैल झाली. "मला आपलं वाटायचं, काहीतरी राहूनच गेलंय."

इथे थांबायला हवं होतं. पण थांबता येत असतं तर पहिल्याच दिवशी कासवावर भागलं असतं. शिवाय काल बाईंनी पुरावा मागितला होता.

त्याने खिशातून फोटो काढला. तरुणपणीची ही दोघं समुद्राकाठी उभी, मागे वाकलेला माड. स्टुडिओत समुद्र रंगवलेला नवा पडदा लावला त्या दिवशी, उजेड बघण्यासाठी काढलेला. खाली स्टुडिओची लादी दिसत होती, ती त्याने सकाळीच कात्रीने उडवली होती, दोघांच्या पायांसकट.

बाईंनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला.

"पाण्यातून ही तिरकी रेघ कसली गेलीय?"

लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ती रेघ आज पहिल्यांदा दिसली.

"लाट," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आईबापांच्या नावाने मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचण्यात त्यांची नोकरी गेली होती.

"लाटच असणार," त्या म्हणाल्या आणि फोटो पुढे केला.

बायकोने तो हातात घेतला. चेहऱ्यांकडे तिचं लक्षही गेलं नाही. अंगठा त्या रेघेवर टेकला आणि कापडावरून फिरावा तसा सावकाश पुढे सरकला. माडाच्या अलीकडे रेघ जराशी अडखळली होती. तिथे अंगठा थांबला.

"ही लाट नाही. शिवण आहे," ती म्हणाली. "दोन तुकडे जोडले होते मी. इथे सुई मोडली होती."

व्हरांड्यात शिपायाने घंटा वाजवली.

तिने फोटो पांघरुणावर ठेवला आणि मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. नीट, ओळखून पाहिलं.

"अहो, काहीतरीच काय सांगता लोकांना," ती म्हणाली. "नेलंत कुठे तुम्ही मला."