जुनं रेकॉर्डिंग

भंडाऱ्यात एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायांसाठी रिता दर बुधवारी ध्यानाचा वर्ग घ्यायची. दुखणं जात नसलं तरी त्याच्याजवळ शांत कसं राहायचं, ते शिकवायची. त्या दिवशी वर्ग सुटला, बाकीच्या बाया एसटी गाठायला निघून गेल्या आणि एकोडीच्या गोदावरीबाई मोबाइल घेऊन तिच्या टेबलापाशी येऊन थांबल्या.

"घरी ऐकता ना माझं रेकॉर्डिंग?" रितानं विचारलं.

"रोज. चार-पाच डाव."

"मग गुडघे काय म्हणतात?"

"तसेच दुखून राहिले जी."

रिता जरा खट्टू झाली. "आणा मोबाइल. नवीन टाकून देते. छोटं आहे, सरळ श्वासापासूनच सुरू होतं. जुनं काढून टाकू."

गोदावरीबाईंनी मोबाइल पदराआड घेतला. "जुनंच राहू द्या, मॅडम."

"काहून? त्यानं तर काही फरक पडला नाही."

"पूरं कुठं ऐकतो मी. सुरुवात ऐकतो, मंग बंद करून पुन्हा पयल्यापासून लावतो."

रिताला आठवेना. "सुरुवातीला काय आहे त्यात?"

"तुम्ही म्हणता, 'या बाई, बसा.'" गोदावरीबाईंनी मान खाली घातली. "बिमारी समजली तवापासून घरी मले कोणी बस म्हणत नाही."

रिताची नजर टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर गोदावरीबाई मघापासून उभ्याच होत्या.